कडीपासून कडुनिंबापर्यंत

आमच्या घराच्या भिंतीत, दाराच्या उजव्या अंगाला, एक लोखंडी कडी होती. आजोबांच्या काळात तिला म्हैस बांधत म्हणे. माझ्या आठवणीत मात्र त्या कडीला अक्काची दोरी आहे. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्यापेक्षा दीड वर्षानं मोठी. तीन वर्षांची असताना तिला देवी आल्या, त्या डोळे घेऊन गेल्या. चेहऱ्यावर वण राहिले, पण ते तिनं कधी पाहिले नाहीत आणि आम्हीही तिला कधी सांगितले नाहीत. गाव देवगाव फाट्यापासून आत, पायी तासाभराच्या वाटेवर. काळी जमीन. पावसाळ्यात पाय उचलला की वहाण चिखलातच राहायची, उन्हाळ्यात त्याच जमिनीला पाय अडकेल एवढ्या भेगा पडायच्या. डोळस माणसाची ही गत, तर अक्काचं काय, असं म्हणून माय तिला उंबऱ्याच्या आतच ठेवायची. दादा, म्हणजे आमचे वडील, फार बोलणारे नव्हते. त्यांनी एके वर्षी अंबाडीचा वाख जास्त काढला आणि दोरी वळायला घेतली.

अंबाडी आमच्याकडे बांधाबांधाला असायची. पाला कोवळा असेपर्यंत ताटात. ज्वारीच्या कण्या घालून शिजवलेली ती आंबट भाजी, वर लसणाची करपायला आलेली फोडणी, आणि त्यात मोडलेली गरम भाकरी. अक्का ती बोटं चाटून खायची आणि वर म्हणायची, "माय, आज मीठ इसरलीस." मीठ विसरलेलं नसायचं, मायला चिडवायचं असायचं. अंबाडी निबर झाली की कापून, पेंढ्या बांधून ओढ्यात भिजत घालायची. पंधरा दिवसांत तो असा काही वास सुटायचा की ओढ्याकडून येणाऱ्या माणसाला अंगणातच थांबवावं. पण त्यातूनच पांढरा, लांबसडक वाख निघायचा. त्या हिवाळ्यात दादा जेवण झालं की ओसरीवर बसून दोरी वळत. लोक विचारत, एवढा कासरा कशाला हो, किती बैल घेतले? दादा म्हणत, "पोरीला साळंत जायचंय." लोक हसत. दादा हसत नसत.

दोरी आमच्या कडीपासून निघायची. समोर बापूरावांचं मोकळं अंगण, त्यातून गाड्यांची वाट. ती ओलांडून पलीकडच्या कडुनिंबाला दोरी अडकवलेली. तिथून पुढं भिंतीभिंतीनं, खुंट्यांवरून थेट मारुतीच्या देवळामागच्या शाळेपर्यंत. प्रत्येक घरी जाऊन दादांनी खुंटी ठोकायची परवानगी मागितली होती. कुणी नाही म्हटलं नाही, कुणाला ते फार पटलंही नव्हतं. दोरीला दादांनी स्वतःची एक भाषा दिली. एक गाठ आली की पुढं मोरी. दोन गाठी आल्या की पायरी. कडीपासून हातभर अलीकडे लुगड्याची चिंधी बांधलेली. चिंधी हाताला लागली की घर आलं, पाय उचलायचा, उंबरा. अक्काला हे सगळं चार दिवसांत पाठ झालं. डावा हात दोरीवर, उजव्या हातात पिशवी, मान ताठ. तिची बोटं दोरीवरून सरकताना बारीक खरखर व्हायची आणि ती घराजवळ आली की कडी करकरायची. माय चुलीपुढून न उठता म्हणायची, "आली बघ." अक्का एकटी चालायची याचं मला तेव्हा कौतुक नव्हतं. उलट राग होता. गावभर सगळे म्हणायचे, बघा आंधळी असून कशी जाती, आणि तू डोळे असून दोनदा पडतीस.

एक नियम होता. अंगणातल्या वाटेवरून गाडी जायची असली की कडीकडचं टोक सोडायचं, दोरी खाली टाकायची आणि गाडी गेली की पुन्हा बांधायची. जो सोडील त्यानंच बांधायची. हा नियम दादांनी गल्लीतल्या सगळ्यांना सांगितला होता आणि सगळे पाळायचे. गाडीवान परका असला तर ते काम माझं.

शाळेत तिला बसू दिलं ते गुरुजींनी. गुरुजी सेलूचे, आमच्या गावात नवे आले होते. ते दिवस विद्यापीठाच्या नामांतराचे. शाळेच्या भिंतीवर चुन्यानं कुणी एक लिहायचं, दुसऱ्या दिवशी कुणी ते खरवडायचं, आणि गुरुजी बौद्ध म्हणून गावातली काही माणसं त्यांच्याशी जपून बोलायची. आमच्याकडे ते आले की माय चहा द्यायची, पण त्यांचा कप वेगळा होता, कान तुटलेला, बाहेरच्या कोनाड्यात ठेवलेला. ज्या माणसानं लेकीसाठी गावातून दोरी ओढली त्याच माणसाच्या घरात तो कप होता, हे मी लपवणार नाही. एकदा माय शेतात होती म्हणून अक्कानं चहा केला आणि गुरुजींना आमच्या घरच्या कपात दिला. माय आली, बघितलं आणि पांढरी पडली. गुरुजी गेल्यावर म्हणाली, "आगं, कप चुकला की तुझा." अक्का म्हणाली, "मला काय दिसतंय माय? कप कपासारखाच." माझ्या बहिणीला दारातून कोण आलं ते पावलांवरून कळायचं. तुटका कान तिच्या हाताला कळला नसेल यावर माझा विश्वास नाही. तो तुटका कप पुढं कुठं गेला ते मायलाही सापडलं नाही.

गुरुजींनी कुठून तरी जाड कागद आणले होते, त्यावर उठावाचे ठिपके. अक्का डाव्या हाताच्या बोटानं ते वाचायला शिकली. महिन्याभरात स्वतःचं नाव, मग माझं. मला ती ते कागदावर दाखवायची, "ही बघ, इंदी," आणि मला नुसते ठिपके दिसायचे. मग गुरुजींनीच मोठ्या गावातल्या आंधळ्या मुलींच्या शाळेला पत्र लिहिलं. राहायचं तिथंच, जेवण तिथंच, शिक्षण पुढपर्यंत. पण चौदा पुरी व्हायच्या आत घ्यायचे, आणि पोरगी स्वतःचं स्वतः करणारी, एकटी चालणारी हवी. उत्तर आलं की तिथल्या बाई वैशाखात स्वतः येऊन बघतील. अक्काला तेरा सरून वर काही महिने झाले होते. म्हणजे हे एकच वर्ष हातात होतं. घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं, पण माय तिच्यासाठी दोन नवे परकर शिवत होती आणि शिवताना मधेच सुई थांबवून बाहेर बघत बसायची.

हे लिहिताना मला परवाची गोष्ट आठवते. शहरात रस्त्याच्या कडेला आता पिवळ्या, खडबडीत फरश्या बसवतात, आंधळ्या माणसाच्या पायाला कळावं म्हणून. फार चांगली सोय. मी त्यांच्यावरून मुद्दाम चालत गेले. शंभर पावलांवर त्या फरश्या सरळ एका विजेच्या खांबात जाऊन संपल्या. पुढं मोटारसायकली. मी तिथं एवढी भांडले की दुकानदार बाहेर आले. ज्यानं बसवल्या त्याचं काम झालं होतं. त्याच्या कागदावर फरश्या लागल्या असं आलं असेल. माझ्या नवऱ्यानं दंडाला धरून मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, तू एवढी का चिडतेस? मी त्याला सांगितलं नाही. लग्नाला तीस वर्षं उलटून गेली, अजून सांगितलेलं नाही.

बापूरावांच्या लेकीचं लग्न होतं. हळदीचा दिवस. अंगणात मांडव पडला होता आणि लग्नाच्या ज्वारीसाठी आदल्या दिवशी पेव उघडलं होतं. आता पेवं बुजली, म्हणून सांगते. जमिनीत खोल, पोटाशी रुंद आणि तोंडाशी एक माणूस जेमतेम उतरेल एवढी अरुंद अशी धान्याची खोली. तोंड दगडानं बंद. वर्षभर बंद राहिलेल्या पेवात वाईट हवा कोंडलेली असते, म्हणून ते उघडून तसंच सोडायचं, मग कंदील आत सोडून बघायचा. कंदील विझला तर माणूस उतरवायचा नाही. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. त्या दिवशी पेवाचं तोंड उघडं होतं, मांडवाच्या कोपऱ्यातल्या मेढीच्या खांबापासून दीड-दोन हातांवर. गल्लीतल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं. अक्कालाही सकाळी मायनं बजावलं होतं, आणि अक्का म्हणाली होती, "माझी दोरी तिकडून जातीच कुठं?"

सकाळची शाळा होती. अक्का शाळेत गेलेली, मी लग्नघराचं निमित्त करून घरी. पाहुण्यांच्या दोन गाड्या आल्या. गाडीवान ओरडला, "ए पोरी, दोरी सोड!" मी कडीचं टोक सोडलं. गाड्या आत आल्या आणि त्यातली एक त्यानं आमच्याच भिंतीला लावून उभी केली. बैल सोडले, आपण पाणी प्यायला गेला. कडी चाकाच्या आड गेली. मला वाकून, गाडीखालून रांगत जाऊन दोरी बांधता आली असती. किंवा गाडीवानाला हाक मारता आली असती. पण बापूरावांच्या ओसरीवर कासार बसला होता आणि गल्लीतल्या सगळ्या मुलींना नवरीबरोबर बांगड्या भरायच्या होत्या. हिरव्या संपत आल्या होत्या. मी दोरीचं टोक घेतलं आणि मांडवाच्या मेढीला बांधलं. नियम सोडणाऱ्यानं बांधायची असा होता. मी बांधली होती. पेव मला दिसत होतं, नव्हतं असं नाही. नंतर नीट करू, असं मनात आलं आणि मी पळाले.

माझ्या हातात चौथी बांगडी जात असताना तो आवाज आला. किंकाळी नव्हती. काहीतरी जड पोत्यासारखं पडल्याचा आवाज, तोही जमिनीखालून, आणि मग बराच वेळ काही नाही. मग जमिनीतूनच हाक आली, शांत, कोंडलेली, लांबून यावी तशी. "इंदे... दोरी कुठं गेली गं?"

अक्काला कडुनिंबापाशी दोरी बरोबर सापडली होती. ती धरून चालत आली. चिंधी हाताला लागली. उंबरा आला म्हणून तिनं पाय उचलला आणि पुढं टाकला.

मंडळी धावली. बापूराव ओरडत होते, "कुणी उतरू नका, आधी कंदील!" भर दिवसा कंदील पेटवायला काडी सापडेना. दादा कुठून पळत आले कुणास ठाऊक, त्यांना चौघांनी धरून ठेवलं होतं आणि ते नुसते म्हणत होते, "पोरी, बोलत राहा. पोरी, बोलत राहा." अक्का आतून बोलत होती, पण आवाज बारीक होत चालला होता. कंदील खाली गेला. मायनं डोळे मिटले. "जळतोय, जळतोय!" असं कुणीतरी म्हणालं आणि बापूरावांचा गडी दोर बांधून उतरला. ती सगळी माणसं पेवाभोवती वाकलेली होती. माझ्याकडे कुणाचंही लक्ष नव्हतं. मी रडत रडत मेढीपाशी गेले, गाठ सोडली आणि दोरी जमिनीवर टाकून दिली. मी बारा वर्षांची होते. बारा वर्षांच्या मुलीला काय कळतं असं मी इतर मुलींच्या बाबतीत हजारदा म्हटलं आहे, शाळेत शिकवत असताना. स्वतःच्या बाबतीत ते म्हणता येत नाही. मला सगळं कळत होतं.

अक्काला वर काढलं तेव्हा तिच्या केसांत, कानांत, तोंडावर ज्वारीचे दाणे चिकटले होते. डावा हात मनगटाशी वाकडा झाला होता. घटकाभरानं तिला नीट श्वास येऊ लागला तसं दादांनी विचारलं, "कसं काय झालं गं, बाई?" तिनं तोंडावरचे दाणे पुसले. मग म्हणाली, "हात सुटला माझा दोरीवरून."

दादांनी पुन्हा विचारलं नाही. बायका म्हणाल्या, कितीही केलं तरी आंधळं लेकरू. माणसं म्हणाली, दोरीनं काय हुतंय. गावाला जे आधीपासून वाटत होतं ते आता सिद्ध झालं होतं, आणि ते सिद्ध करायला मी दोरी सोडून ठेवली होती.

दहाव्या दिवशी गुरुजी त्या शाळेच्या बाईंना घेऊन आले. फाट्यापासून उन्हातून चालत. बाई उंच, पांढऱ्या पातळाच्या, बोलणं सरळ. ओसरीवर घोंगडी अंथरली होती. अक्काचा हात बांबूच्या पट्ट्यांत बांधलेला, अंगावर नवा परकर. बाईंनी तिला ठिपके वाचायला दिले. डावा हात अडकलेला, तिनं उजव्यानं अडखळत वाचले. बाईंना राग आला नाही, उलट हसल्या. म्हणाल्या, "हात बरा झाला की पाठवा. मुलगी हुशार आहे."

दादा म्हणाले, "न्हाई पाठवायची बाई."

गुरुजी काही बोलायला गेले, दादांनी हात वर केला. "गुरुजी, तुमचे लय उपकार हायेत. पण इथं माझ्या डोळ्यांदेखत, माझ्या दोरीवर पोरगी पेवात पडली. तिथं जिने हायेत म्हणता, हीर हाय म्हणता. तिथं कोण बघायचं?"

बाईंनी चष्मा काढला. "भाऊ, मी वीस वर्षं हेच काम करते. सरावाची मुलगी उगीच हात सोडत नाही. ती पडली तेव्हा दोरी जागेवर होती का, ते सांगा मला. दोरी हललेली असेल तर मुलीची काही चूक नाही. मग तुम्हाला भ्यायचं कारणच नाही."

दादांनी मायकडे पाहिलं. मायनं खाली पाहिलं. "जागंवरच आसंल," दादा म्हणाले, पण ते सावकाश म्हणाले, आणि त्यांची नजर सगळ्यांवरून फिरत फिरत माझ्यापर्यंत आली. दरडावणारी नव्हती. मला आता वाटतं, त्या माणसाला कुणीतरी नाही म्हणावं असंच वाटत होतं. त्याला ती पाठवायची होती. त्याला फक्त एवढंच कुणीतरी सांगायला हवं होतं की त्याची लेक चुकली नाही. मी उठले. बाईंना पाणी द्यायचं राहिलं होतं. मी आत जाऊन तांब्या घेतला, रांजणातून भरला, वर फुलपात्र ठेवलं आणि बाहेर आणून बाईंपुढं ठेवला. बाई पाणी प्यायल्या. उन्हं कलल्यावर निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी दादांनी शाळेपासून कडीपर्यंतची सगळी दोरी काढली. गुंडाळून माळ्यावर टाकली. त्यांनी ती पुन्हा बैलांनाही वापरली नाही. गुरुजींची पुढच्या वर्षी बदली झाली. मी सेलूला मावशीकडे राहून शिकले, मास्तरीण झाले, लग्न झालं. अक्का घरात राहिली. धान्य निवडायची, वाकळा शिवायची, नंतर झालेल्या धाकट्या भावाची मुलं सांभाळायची. मनगट वाकडंच बसलं. बाहेर जायचं तर कुणाचा तरी हात धरून, आणि हात रिकामा असेल तेव्हाच. नंतरच्या काळात सरकारनं सवलती आणल्या, दाखले आले, एसटीचा पास आला. तो पास तिच्या पेटीत कोरा होता. मी जेव्हा जेव्हा घरी जाई तेव्हा मला अंगणात पाऊल टाकताना ती हाक ऐकू येई. बापूरावांनी पेव बुजवून वर गोठा बांधला होता. म्हशी रवंथ करत बसलेल्या असत आणि मी त्यांच्या पायांखालची जमीन ऐकत उभी राही. अजूनही, वर्गात मुलं गप्प बसली की, किंवा घरात पंखा बंद झाला की, ती येते. चढ्या आवाजात येत नाही. विचारल्यासारखी येते.

अक्का जायच्या आधीच्या वर्षी मी तिला सांगितलं. दोघीच होतो, दुपारची वेळ, ती शेंगा फोडत होती. मी सगळं सांगितलं, गाडी, कडी, कासार, मेढ, गाठ. माझं रडून झालं तरी तिच्या हातातल्या शेंगा थांबल्या नाहीत.

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "घरी येताना ऊन उजव्या गालावर आसायचं. त्या दिशी तोंडावर यायलं. म्हनलं, दोरी हाय ना हातात, दादानं बांधल्याली, ती कशी चुकंल? आन् वर काढलं मला, तवा सगळे माझ्या भवती, आन् तुझं रडनं मेढीकडून यायलतं."

"मंग दादांना कामून नाही सांगितलंस?"

"मारलं आसतं तुला. लग्नघरात, पाहुण्यांपुढं." तिनं एक शेंग फोडली, दाणे ताटलीत टाकले. "आन् मला वाटलं, बाई आल्या की तू सांगशीलच. त्यांनी इचारलं तवा तू उठलीस. ऐकलं मी. नव्या बांगड्या होत्या तुझ्या. म्हनलं, आता बोलती इंदी."

तिनं टरफलं एका बाजूला सारली.

"मंग तांब्या वाजला."